माऊलींचा अश्व आणि आमची चांदणी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात कर्वेनगर येथे कीर्तनाआधी झालेले मनोगत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी काही बोलणारा माणूस नव्हे. उभा जन्म तबेल्यात गेला. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही घोड्यांबद्दल सांगा." म्हटलं, एवढं जमेल. चुकलं तर लेकराचं म्हणून पदरात घ्या.

आमचं घर तीन पिढ्यांचं घोडेवाल्याचं. आजोबांचा टांगा होता. तेव्हा आपल्या या गावाला कर्वेनगर कुणी म्हणत नव्हतं, हिंगणे बुद्रुक म्हणायचे. आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत हिंगणंच होतं. अण्णा कर्वे हिंगण्याच्या आश्रमातून पायी चालत पुण्यात शिकवायला जायचे, ही गोष्ट आजोबा लहानपणी ऐकलेली सांगायचे. वर हसून म्हणायचे, "माणूस थोर, पण टांगेवाल्याच्या काही कामाचा नाही!" स्वतः मात्र आषाढ आला की टांगा सोडून हे पायीच निघायचे. आपल्या दिंडीत टाळ धरून पंढरपूरपर्यंत जायचे. कुणी म्हटलं, बाबा, दारात घोडं असताना पायी का? तर म्हणायचे, "घोडं पोटासाठी, पाय पांडुरंगासाठी."

१९६१ साली १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं. तेव्हा पालखी वाटेवर होती आणि आजोबा दिंडीत. घरी आजी आणि माझे वडील. वडील सतरा वर्षांचे. मुठेचं पाणी चढायला लागलं, ओरडा झाला. तबेल्यात दोन घोड्या, दोन्ही अगाडी-पिछाडीनं बांधलेल्या. वडिलांनी आधी त्यांना धरून ओढायला बघितलं. घाबरलेलं घोडं ओढून येत नाही, माऊली. जितकं ओढाल तितकं ते मागं रेटतं. शेवटी त्यांनी विळ्यानं दोर कापले आणि बाजूला झाले. घोड्या सुटल्या त्या सरळ चढाकडं गेल्या. आजीला घेऊन वडील त्यांच्याच मागं धावले. आळीतली आणखी माणसं आली. तबेला वाहून गेला, टांग्याचं एक चाक तेवढं मागाहून मिळालं. पण माणसं राहिली. तिसऱ्या दिवशी दोन्ही घोड्या कोथरूडच्या बाजूला चरताना सापडल्या. आजोबा वारीहून आले, त्यांनी घोड्यांच्या गळ्यातली माती पुसली आणि म्हणाले, "सोडल्या म्हणून राहिल्या."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं. समजलं मात्र फार उशिरा. ते कसं समजलं, तेच आज सांगायला उभा आहे.

आधी घोडं म्हणजे काय, ते थोडं सांगतो. लोकांना वाटतं घोडा शूर. नाही हो. घोडा भित्रा जीव आहे. रानात त्याच्याकडं ना शिंग ना नख्या, पळणं एवढंच हत्यार. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. पण दोन जागा दिसत नाहीत. एक अगदी कपाळासमोरची आणि दुसरी शेपटीमागची. मागून गुपचूप गेलात तर लाथ बसते, ती रागानं नाही, भीतीनं. कान बघायचे. कान पुढं असले तर लक्ष तिकडं, मागं चिकटले तर आपण सावध व्हायचं. उभ्या-उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेला आडवाच होतो. तोही भरवशाच्या जागी. माझ्या तबेल्यात नवीन घोडं आलं की ते पहिल्यांदा आडवं कधी पडतं, ते मी बघतो. त्या दिवशी समजायचं, यानं घर मान्य केलं.

पहाटे उठून आधी पाणी. एका घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मग कडबा, गवत, थोडा लसूणघास, भिजवलेला हरभरा बेतानं. मग खरारा. खरारा नुसता अंग चकचकीत करायला नसतो. हात फिरला की सूज समजते, गरम लागतं ते समजतं, तंगानं सोललेलं दिसतं. मग चारही पाय उचलून खूर साफ करायचे. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. हे सगळं झाल्यावर बसणं आलं. आणि शिंगराला तर तीन वर्षांचं होईपर्यंत पाठीवर वजनच द्यायचं नाही. तोवर लांब दोरीवर गोल फिरवायचं, आपण मधे उभं राहून, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. म्हणजे बघा, घोडेवाला रोज सकाळी एक छोटं रिंगणच लावत असतो!

आता माझी चूक सांगतो. शताब्दीला बोलायचं तर खरं बोलावं.

२००९ सालचा मे महिना. लग्नाची दाट तिथी. माझ्याकडं चांदणी नावाची पांढरी घोडी होती. गुणी जनावर, पोरासोरांनी मानेला लोंबकळावं अशी. त्या दिवशी मी तिच्या तीन वराती घेतल्या होत्या. सकाळी नालबंद म्हणाला, "पुढच्या डाव्या पायाचा नाल हलतोय. आज हिला उभी ठेवा." मी म्हटलं, "उद्या बघू." पैशाचा दिवस होता, माऊली. दुपारच्या दोन वराती पार पडल्या. संध्याकाळी तिसरी, मुहूर्ताआधीची परण्या. आवाजाची गाडी मागून पार चांदणीच्या शेपटीला आली. कुणीतरी पायाशी फटाक्यांची माळ लावली. ती बिथरली. पुढं मोकळा रस्ता होता. चार पावलं जाऊ दिली असती, तर ती थांबली असती. पण मी घाबरलो आणि दोन्ही हातांनी लगाम खाली खेचला. मागं आवाज, पुढं माझी ओढ. तिनं जायचं कुठं? ती मागच्या पायांवर उभी राहिली. नवरदेव घसरला, त्याचं मनगट मोडलं. हात गळ्यात बांधून बिचारा बोहल्यावर उभा राहिला. चांदणीचा नाल निघाला आणि त्याबरोबर खुराची कड फाटली.

दवाखान्याचा खर्च दिला, पाय धरले, त्या घरानं मोठ्या मनानं मिटवलं. रात्री तबेल्यात आलो तर वडील बादलीत कोमट मिठाचं पाणी घेऊन तिचा पाय धरून बसले होते. मला शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "तू तिला जायला वाट कुठं ठेवलीस?"

खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वरपासून खालपर्यंत नवा खूर यायला वर्षाच्या आसपास लागतं. पाय तेवढ्यात बरा झाला. भीती गेली नाही. कुठं ताशा वाजला, लाऊडस्पीकर खरखरला की अंगाला कापरं आणि घाम. गिऱ्हाईक गेलं. लोक म्हणाले, वीक. मी विकणारही होतो. वडील म्हणाले, "चूक तुझी, आणि घर तिनं सोडायचं?"

मग आपली दिंडीच कामाला आली. ही गोष्ट इथल्या जुन्या टाळकऱ्यांना ठाऊक आहे. एकादशीच्या भजनाआधी ही मंडळी मैदानाच्या एका टोकाला बसायची, मी चांदणीला घेऊन दुसऱ्या टोकाला. सुरुवातीला एकच टाळ, तोही हळू. चांदणी कान टवकारून ताठ उभी राहायची. मी दोर धरून गप्प उभा. तिला पुढं ओढायचं नाही, रागवायचं नाही. दहा मिनिटं जायची, पंधरा जायची. मग कान सैल पडायचे, मान खाली यायची, तोंडानं काही चघळल्यासारखं करायची. त्या क्षणाला मी दोर ढिला सोडायचो आणि तिला माघारी घेऊन जायचो. त्या दिवसाचं काम तेवढंच. पुढच्या वेळी चार पावलं जवळ.

तेव्हा मला उमगलं. घोडं ताण दिल्यानं शिकत नाही. ताण सुटतो तेव्हा शिकतं. ताण देणं कुणालाही येतं. पण त्यानं जरासं ऐकलं की त्याच क्षणी सैल करायचं, हे ज्याला जमलं तो घोडेवाला. मी वीस वर्षं लगाम धरला होता, आणि धरायचंच शिकलो होतो.

पहिल्या वर्षी ती मैदानाच्या मध्यापर्यंत आली. दुसऱ्या वर्षी टाळ-पखवाजाशेजारी उभी राहिली. तिसऱ्या आषाढी एकादशीला, ज्यांना पंढरीला जाणं होत नाही अशी म्हातारी माणसं आणि पोरं आपण राजाराम पुलावरून विठ्ठलवाडीला नेतो ना, त्या दिंडीच्या पुढं चांदणी चालली. पाठीवर कुणी नाही, नुसती झूल. माझ्या हातात दोर होता, पण पुलापासून देवळापर्यंत तो एकदाही ताणला नाही. वडील काठी टेकत शेजारून चालत होते. दुसऱ्या वर्षी ते गेले. चांदणी पुढं सात वर्षं जगली. वरातीला मी तिला परत कधी लावलं नाही.

आता माऊलींच्या अश्वाकडं येतो. हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं, आणि तेव्हापासून अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व सोहळ्यात येतात, हे आपण सगळे जाणतो. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून ते आळंदीपर्यंत पायी येतात आणि तिथून पुढं पंढरी. एक स्वाराचा, पताका घेतलेला. दुसरा माऊलींचा, रिकाम्या पाठीचा. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, पुढं पुरंदवडे, खुडूस, ठाकूरबुवाची समाधी, बाजीरावाची विहीर. मी पन्नाशीपर्यंत ही रिंगणं डोळे भरून पाहिली, सगळ्यांसारखी टापांखालची माती कपाळाला लावली. पण चांदणीनंतर पाहिलं, तेव्हा घोडेवाल्याच्या डोळ्यांनी पाहिलं आणि अंगावर काटा आला. लाखो माणसं, टाळांचा गजर, पताका फडफडतायत. भित्र्या जनावराला पळून जावंसं वाटेल असं सगळं तिथं आहे. आणि माऊलींच्या अश्वावर ना स्वार, ना कुणी त्याला खेचतंय. तो मोकळा आहे, आणि मोकळा असूनही वाट सोडत नाही. ज्यांनी त्याला वर्षभर सांभाळलं त्यांच्या हातांनाही मी मनातल्या मनात नमस्कार करतो. पाठीवर माऊली आहेत, हा आपला भाव. तो भाव खरा मानायचा, तर त्या अश्वाला वाट देणं ही आपली सेवा झाली.

म्हणून हात जोडून चार गोष्टी मागतो. चोपदारांचा इशारा होईस्तोवर कड सोडू नका. अश्वाच्या मागून हात लावायला जाऊ नका, त्याला तुम्ही दिसत नाही. तोंडासमोर मोबाईल नाचवू नका. आणि प्रेमानं लाडू, केळी, पेढे भरवू नका. घोड्याला ओकारी येत नाही, माऊली. पोटात गेलेलं वाईट बाहेर काढता येत नाही, आणि पोटदुखीनं उभं जनावर जातं. दर्शन लांबून घ्या. माती नंतरही मिळते, ती कुठं पळून जात नाही.

आपली दिंडी शंभर वर्षं चालली. विणेकरी पुढं जातो, तो मागच्याला दोरीनं ओढत नाही. तरी दिंडी त्याच्या मागं चालते. आता नवी पोरं येतायत. कुणाचं पाऊल चुकतं, कुणी उशिरा येतो, कुणी मधेच मोबाईल काढतो. आपण जुनी माणसं लगेच लगाम खेचतो. मीही खेचतो, सवय आहे. पण यंदा मी ठरवलंय, पोरानं एक अभंग नीट म्हटला की लगेच पाठीवर हात ठेवायचा आणि पुढचा म्हणायला त्याच्या हातात टाळ द्यायचे.