तेरा दिवसांचं युद्ध आणि पुढची पन्नास वर्षं

(रौप्यमहोत्सवी समारंभात एका माजी सैनिक सभासदाने केलेले भाषण)



२६ जानेवारीचं झेंडावंदन झालं की मुलं विचारतात, "आजोबा, युद्धात काय केलंत?" मी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा साधा जवान. डिसेंबर १९७१ मध्ये आमची जंगी पलटण जमालपूरला होती. १० तारखेच्या रात्री शत्रू वेढा फोडायला आला, आम्ही जागा सोडली नाही. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. ३ तारखेला सुरू झालेलं युद्ध तेरा दिवसांत संपलं. पुढची पन्नास वर्षं कशी गेली, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज तेच सांगतो.

जवान पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनवर येतो. मुलं तेव्हा शाळेत असतात. मी पुण्यात आलो आणि एका कारखान्याच्या गेटवर लागलो. बंदुकीच्या जागी रजिस्टर आलं. कामाचा कमीपणा वाटला नाही. पण पोराच्या वयाचा कोणी "ए वॉचमन" म्हणाला, की घास अडायचा. सौभाग्यवतींनी शिवणकाम केलं, तेव्हा कुठे या सोसायटीत घर झालं.

आपल्या पुण्याचे पद्मश्री मुरलीकांत पेटकर सर्वांना माहीत आहेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, तरी १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि सिनेमा आला २०२४ मध्ये. एवढ्या मोठ्या माणसाला ४६ वर्षं थांबावं लागलं, तिथे आमच्यासारख्यांचं काय! खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये व्हीलचेअरवर आयुष्य काढणारे जवान आहेत. त्यांच्यावर सिनेमा निघणार नाही.

पूर्वी पेन्शनसाठी बँकेत गेलं की साहेब चेहऱ्याने ओळखायचे. आता 'स्पर्श' पोर्टल आहे, ओटीपी आहे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा. सोय चांगली आहे, घरबसल्या काम होतं. पण वयाने बोटांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. आमच्या एका साथीदाराची विधवा पत्नी अशीच तीनदा हेलपाटे घालून आली. दाखला नाही, तर पेन्शन अडते. तिचं घर तेवढ्यावरच चालतं.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. नोव्हेंबरातल्या एका रविवारी क्लबहाऊसमध्ये टेबल टाकू. आपल्या कॉम्प्युटरवाल्या मुला-मुलींनी दोन तास द्यावेत. फक्त सैनिकच नाही, परिसरातल्या सगळ्या पेन्शनर मंडळींचे दाखले भरून देऊ. दुसरी विनंती, आपल्या गेटवरच्या दोन रखवालदारांपैकी एक माजी सैनिक आहेत. येता-जाता दोघांनाही नावाने हाक मारा, पुढे 'काका' लावा. त्याला काही खर्च येत नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र!