प्राचीन वास्तूंचा कायदा आणि सरकार

नेपानगरहून बऱ्हाणपूरकडे आगगाडीने जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत असीरगड रोड नावाचे एक छोटे स्थानक लागते. ज्या दुर्गाने या स्थानकाला आपले नाव दिले, तो सातपुड्याच्या रांगेवर उत्तरेस उभा आहे. १६०१ साली तो अकबराच्या हाती पडला. १८१९ साली इंग्रजांनी तो घेतला. आज तो पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रक्षणाखाली आहे. इकडे नेपानगरात पंडित नेहरूंनी २६ एप्रिल १९५६ रोजी राष्ट्राला अर्पण केलेली कागदाची गिरणी आहे. सलई आणि बांबू यांपासून वृत्तपत्राचा कागद करावयाचा, या हेतूने ती येथील जंगलात उभी राहिली. जुने जतन करणे आणि नवे उभारणे ही दोन्ही कामे सरकारचीच. परंतु हे दोन हात एकमेकांच्या आड आले, तर कायदा कोणत्या हाताला आवरतो? हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

एखाद्या रक्षित वास्तूच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थाचे उदाहरण घेऊ. वास्तूच्या रक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करावयाचे नाही, आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगीवाचून करावयाचे नाही, असा निर्बंध आहे. मुलगा कर्तासवरता झाला, लग्न ठरले, एक खोली वाढवावी असे मनात आले, तरी त्याला हात आखडावा लागतो. तो कायद्याला मान देतो, पण विचारतो, “उद्या सरकारने येथेच पूल बांधावयाचा म्हटले, तर हेच शंभर मीटर सरकारलाही मोजावे लागतील काय?” या प्रश्नाच्या उत्तरावर त्याची कायद्यावरील श्रद्धा अवलंबून आहे.

राजाने केलेला कायदा राजाला लागू नाही, त्याचे नाव घेऊन तसे म्हटले असेल तरच लागू, असा इंग्रजी विधीचा जुना दंडक होता. स्वराज्य आल्यानंतरही तो मागे राहिला. १९६० साली सर्वोच्च न्यायालयानेच तो उचलून धरला. पुढे कलकत्त्यात राज्य सरकार महापालिकेचा परवाना न घेता एक बाजार चालवीत होते. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर १९६६ मध्ये बहुमताने तो दंडक मोडीत काढला. कायद्याने स्पष्टपणे किंवा ओघाने वगळले नसेल, तर सरकारही इतरांप्रमाणेच त्याने बांधलेले आहे, असा निर्णय झाला. प्रजासत्ताकाला शोभणारा तोच निर्णय होता.

प्राचीन वास्तूंच्या बाबतीत तर संसदेने ओघावर काहीच सोडलेले नाही. मूळ कायदा १९५८ चा. शंभर मीटरांचा निर्बंध १९९२ च्या अधिसूचनेने आला. पण त्यानंतर एका सल्लागार समितीच्या शिफारशीने त्यातून वाटा काढून देण्याचा प्रघात पडला. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हा प्रघात बेकायदा ठरविला. २०१० साली कायदा सुधारताना संसदेने लिहून ठेविले की, यापुढे निषिद्ध क्षेत्रात सार्वजनिक काम असो वा लोकांस अत्यावश्यक असा प्रकल्प असो, परवानगी द्यावयाची नाही. शिक्षेचे प्रमाणही लक्षात घेण्याजोगे आहे. तेथे बांधकाम करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास. अशा बांधकामाकडे संगनमताने डोळेझाक करणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यास तीन वर्षांपर्यंत.

हे नुसते पुस्तकातले शब्द नाहीत. पुण्यात ज्या आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांनी बंदिवासात देह ठेविला, तो २००३ पासून राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक आहे. मेट्रोचा मार्ग त्याच्या समोरच्या नगर रस्त्याने आखलेला होता. मेट्रो बांधणारी कंपनी केंद्र आणि राज्य या दोन्ही सरकारांच्या मालकीची. तरीही तिला मार्ग कल्याणीनगरकडून वळवावा लागला. रामवाडीपर्यंतची गाडी मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. मार्ग वळला, पण मेट्रो अडली नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एका भिंतीसाठी हजारो प्रवाशांनी का खोळंबावे, असे म्हणणारे लोक काही वास्तूंचे वैरी नव्हेत. केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना सवलत देणारे विधेयक लोकसभेने जानेवारी २०१८ मध्ये संमत केलेही होते. राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेले आणि त्याचा कायदा झाला नाही. पण लोकोपयोगी काम म्हणून सवलत देताना हडप्पाची आठवण ठेवावी. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या भरावासाठी कंत्राटदारांनी हडप्पाच्या विटा गाड्या भरभरून नेल्या. ती रेल्वेही लोकोपयोगीच होती. आपण काय खोदून नेत आहोत, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

तेव्हा गृहस्थाच्या प्रश्नाचे उत्तर आहे : होय, सरकारही बांधलेले आहे. मात्र या दाव्याचे एक टोक सरकारच्याच हाती आहे. कायदा रक्षण करतो ते अधिसूचित वास्तूंचे; आणि वास्तू यादीत घालणे वा यादीतून काढणे हा अधिकार केंद्र सरकारचा. मार्च २०२४ मध्ये अशा अठरा वास्तू यादीतून काढण्याचे घोषित झाले. त्यांत दिल्लीचे बाराखंबा कबरस्तान आणि हरियाणातील मुजेसरचा कोसमिनार होता. बऱ्हाणपूरचा भूमिगत जलमार्ग, कुंडी भंडारा, त्याच वर्षी युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला, ही अभिमानाची गोष्ट. पण त्या यादीने कोणाचा हात धरला जात नाही. हात धरते ती आपल्या देशातील अधिसूचना.

तिचे बळ बऱ्हाणपुरानेच पाहिले आहे. शाह शुजाची कबर आणि इतर काही वास्तू वक्फ मंडळाने २०१३ साली आपल्या म्हणून जाहीर केल्या. मंडळ हे कायद्यानेच निर्माण झालेले. पुरातत्त्व सर्वेक्षण न्यायालयात गेले, आणि जुलै २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आधार होता १९१३ आणि १९२५ च्या अधिसूचनांचा. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाने आजचा निकाल लावला.

कागदाचे मोल नेपानगरला कोणी सांगावयास नको. आपल्या गावातील कोणती वास्तू यादीत आहे, कोणती नाही, आणि एखादी यादीतून गुपचूप निघत तर नाही ना, एवढे पाहणे नागरिकाच्या हाती आहे. सरकारला कायद्याने बांधता येते. पण गाठ सैल होते आहे काय, हे पाहण्याचे काम सरकारवर सोपवून भागत नाही.