पोटाची तक्रार लपवू नका
(महागाव येथील सभेत केलेले भाषण)



पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याच्या पोटाच्या तक्रारीचीही काळजी वाहिली आहे. आपण मात्र शौचाविषयी बोलायला लाजतो आणि त्या लाजेत दुखणे वाढते.

आपल्या तालुक्यातील आंध बांधवांच्या वस्त्यांवर भेटीला जाल तेव्हा आपुलकीने विचारा. पावसाळ्यात नाल्याचे, उघड्या विहिरीचे पाणी दूषित होते आणि हगवण लागते. पोटात मुरडा येऊन आव-रक्त पडले, तर तो आमांश असू शकतो. जंतांमुळे मुलांचे पोट दुखते. अंगणवाडीत आणि शाळेत मिळणारी जंतांची गोळी चुकवू देऊ नका. कापूस वेचणाऱ्या बाया दिवसभर पाणी कमी पितात, आडोसा नाही म्हणून शौच रोखून धरतात. मग बद्धकोष्ठ होते. ही कोणाची करणी नाही, देवाचा कोपही नाही.

हगवणीत लेकरू दगावते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आटल्याने. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तेच औषध आज आशाताईंकडे पुडीत मिळते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच घ्या. थोडे थोडे पाजत राहा. अंगावरचे दूध बंद करू नका. झिंकच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे १४ दिवस द्या.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका. बेंबीजवळचे दुखणे उजवीकडे खाली सरकणे. पोट फुगून उलट्या होणे आणि वाराही न सरणे. शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ. लेकरू सुस्त पडणे, डोळे खोल जाणे. अशा वेळी एरंडेल पाजू नका, पोट चोळू नका, डाग देऊ नका. १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. मोठ्या माणसाची शौचाची सवय तीन आठवडे बदललेली राहिली, वजन घटले, तरी तपासणी हवीच. आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होतो.

आपल्या दानातून पुड्या येतील, गाडीभाडेही निघेल. पण आजाऱ्यासोबत दवाखान्यात जाऊन बसणारा माणूसही हवा. तो आपल्यातूनच उभा राहो. आमेन.