जुन्या फियाटचं आतलं सामान

जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली की लोक आधी इंजिनाची चौकशी करतात. फियाटच्या बाबतीत ती काळजी कमी. कुर्ल्याच्या प्रिमियर कारखान्यातली फियाट 1100 ही 1972 नंतर प्रेसिडेंट झाली, 1974 पासून पद्मिनी. नावं बदलली, पण यंत्र फारसं बदललं नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या कृपेनं क्लच, ब्रेकचं सामान, पिस्टन अजूनही शोधल्यास सापडतात. दमछाक होते ती आतल्या सामानासाठी. दाराचे पॅड, सीटचं रेक्झिन, छताचं अस्तर, काचेची हँडलं, डॅशबोर्डवरची चकचकीत पट्टी.

टॅक्सी चालायला इंजिन लागतं. सीट फाटली तर मिळेल त्या रंगाचं रेक्झिन चालतं. घरच्या गाड्यांचीही तीच गत. कार्य निघालं की सीटवर नवी मखमल चढायची आणि निघालेलं अस्तर कबाड्याकडे जायचं. इंजिनाची दुरुस्ती झाली, आतल्या सामानाची मात्र हकालपट्टी.

आपल्या ग्वाल्हेरात, हजिऱ्यातल्या एका सीटवाल्या मिस्त्रींकडे 1973 ची एक प्रेसिडेंट उघडताना मी पाहिली. त्यांनी काच खालीवर करायच्या हँडलमागची चकती आत दाबली, बारीक पिन ठोकून काढली, हँडल सुटलं. मग पॅडच्या कडेनं पातळ पट्टी सरकवत एकेक क्लिप अलगद सोडवली. काचेच्या फटीतून झिरपलेल्या पाण्यानं हार्डबोर्ड खालून फुगला होता. दर्शनी रेक्झिन उन्हानं पार विटलेलं, मळकट तपकिरी. मिस्त्रींनी पॅड उलटा केला आणि मागे दुमडून चिकटवलेली कडा नखानं उचलली. आत गडद लाल रंग, जसाच्या तसा! "असली रंग ये रहा," एवढंच ते म्हणाले.

शोधाची सुरुवात बाजारातून करू नये, ती या दुमडीतून करावी. हँडलच्या चकतीखाली, हात टेकायच्या दांडीमागेही मूळ रंग आणि पोत शाबूत असतो. त्याचा तुकडा जपून ठेवा. रेक्झिनवरच्या रेघा शिवलेल्या आहेत की कारखान्यात दाबून उठवलेल्या, हे नीट बघा. दाबलेल्या रेघांची नक्कल शिलाईनं केली, तर जाणकाराला ती लांबूनच कळते. फुगलेला पॅडही टाकू नका. नव्या हार्डबोर्डवर भोकं नेमकी कुठे पाडायची, हे तोच सांगतो. पितळेच्या पट्टीला पुन्हा क्रोम चढतं. जस्ताच्या ओतीव तुकड्यावर खड्डे पडले असतील, तर ते काम अवघड आणि महाग. तिथे दुसरा बरा तुकडा शोधणंच शहाणपणाचं.

तो मिळतो पडीक गाडीत. मुंबईचा चोर बाजार आणि कुर्ल्याचं भंगार प्रसिद्ध आहेच, पण तिथलं सामान टॅक्सीचं, बहुधा हाताळून झिजलेलं. गावाकडच्या वाड्यात, बंद गॅरेजात एकाच मालकाची गाडी उभी असेल तर तिचं पूर्ण दार मागावं, नुसतं हँडल नव्हे. घाई केलेली बरी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. सुट्या भागांचा तो मोठा झरा आटला आहे.

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूप राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नियमाचा कटाक्ष चॅसिस, बॉडी आणि इंजिनावर आहे, अस्तराबद्दल तो काही विचारत नाही. तरी माझं मत ठाम आहे: थोडं विटलेलं पण अस्सल अस्तर, नव्या झगमगीत रेक्झिनपेक्षा केव्हाही मोलाचं.

तुमच्या माळ्यावर, कोठीत एखादा जुना दाराचा पॅड, हँडल, सीटचं कव्हर पडलं असेल, तर कबाड्याला देण्याआधी गाडी दुरुस्त करणाऱ्या कुणाला तरी नक्की दाखवा.