फोटोच्या पाठीवर नाव लिहा

तुमच्या घरात एखादी जुनी पत्र्याची पेटी असेल. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, जुनी रेशनकार्डे, लग्नपत्रिका, आणि अगदी तळाशी कागदात गुंडाळलेले चार-दोन फोटो असतील. आज मला बोलायचे आहे ते या फोटोंविषयी. फोटो कसा काढावा हे मी सांगणार नाही. काढून ठेवलेला फोटो मुका होऊ नये म्हणून काय करावे, एवढेच सांगणार आहे.

पनवेल तालुक्यातल्या कळंबोलीचे उदाहरण घेऊ. आज मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथून सुरू होतो. लोखंड-पोलादाचा मोठा बाजार येथे आहे. २०१६ पासून हे गाव पनवेल महानगरपालिकेत मोडते. परंतु १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. त्यांत कळंबोलीही होती. त्याआधी या खाडीकाठच्या पट्ट्यात भाताची खाचरे होती आणि खारे पाणी अडवणारे मातीचे बांध होते. पुढे मुरुमाचे भराव पडले, रस्ते आखले गेले, इमारती उठल्या. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी आंदोलन केले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हा इतिहास लिहिलेला सापडेल. पण कुणाचे खाचर कुठे होते, आवणीला कोण कुणाकडे जाई, ते कुठल्या दफ्तरात सापडायचे?

मागे मी कळंबोलीच्या एका आजींना एक जुना फोटो दाखवला. मला त्यात दिसत होता गुडघाभर चिखल, वाकलेल्या पाच-सहा बायका आणि मागे एक आडवी रेघ. आजींनी चष्मा पुसला नि म्हणाल्या, "ही रेघ नव्हे बाबा, हा बांध. याच्या अलीकडं गोडं पाणी, पलीकडं खारं. आणि ही डाव्या अंगाची माझी जाऊ."

मग बांध फुटला की रात्री कंदील घेऊन सारा गाव कसा धावे, हे त्यांनी सांगितलं. एकेका बाईवर बोट ठेवून त्या नावं सांगत गेल्या. शेवटच्या बाईपाशी बोट थांबलं. नाव काही केल्या आठवेना. नातवानं विचारलं, "आजी, आता हे कुणाला ठाऊक असेल?" त्या म्हणाल्या, "जाऊबाईंना ठाऊक होतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली."

श्रोतेहो, चेहरा फोटोत राहतो, पण नाव माणसाबरोबर जाते. आणि जिथे जमीनच भरावाखाली गेली, तिथे ठिकाण दाखवणारी खूणही उरत नाही. १९७० साली जो वीस वर्षांचा होता, तो आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे काम तुमच्या मुलांकडून उत्तम होईल. मात्र मूळ फोटो शाळेत मागवू नका. मुलांनाच घरी वडीलधाऱ्यांजवळ बसवा. "ही अमकीच ना?" असे विचारले, तर म्हातारे माणूस भिडेने हो म्हणते. "ही कोण?" असे विचारावे. दोघांनी दोन नावे सांगितली, तर दोन्ही लिहावीत आणि कुणी सांगितले तेही लिहावे. साल आठवत नसेल, तर फोटोलाच विचारा. मागे 'जिल्हा कुलाबा' लिहिले असेल, तर तो बहुधा १९८१ पूर्वीचा, कारण त्या वर्षी कुलाब्याचे रायगड झाले. स्टुडिओचा शिक्का असेल, तर त्यावरचा पत्ताही उतरून घ्यावा.

नाव लिहायचे ते पाठीवर, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. पेनाची शाई पुढल्या बाजूला उमटते. फोटो कडांनी धरावा. बोटाच्या घामाचा डाग पडतो. डिंक लावू नये, प्लास्टिकचे आवरणही चिकटवून घेऊ नये. ते पुन्हा निघत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेवरूनच त्याची प्रत घ्या. कोकणच्या पावसाळ्यात बुरशी लवकर धरते, तेव्हा कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा. काळ्या-पांढऱ्या फोटोतली चांदी पुष्कळ टिकते, रंगीत फोटोचे रंग मात्र लवकर उडतात. त्यांची प्रत आधी करा. मोबाइलवर प्रत घ्याल, तर नावे लिहिलेल्या पाठीचीही घ्या.

येत्या रविवारी पेटी उघडा. घरातल्या सर्वांत वडील माणसाला उजेडात, खिडकीपाशी बसवा. एकच फोटो हाती द्या, आणि मग तुम्ही बोलू नका. ते काय बोलतात ते ऐका आणि लिहून घ्या.