गाईच्या पापणीतलं तेल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पाम म्हटलं की तारापूरची औद्योगिक वसाहत आठवते. पण गावात गोठेही आहेत आणि पशुवैद्यक म्हणून माझं तिथं जाणं-येणं असे. एका पावसाळ्यात तिथल्या काकूंचा निरोप आला. गाईच्या डोळ्याला सारखं पाणी. "डॉक्टर, रोज दोन थेंब खोबरेल घालते, तरी उतार नाही."

डोळा उघडून पाहिला. तिसऱ्या पापणीखाली बारीक पांढरे जंत वळवळत होते. ते माश्यांमार्फत येतात. जंत काढले, औषध दिलं. आणखी उशीर झाला असता तर डोळ्यात फूल पडलं असतं. काकूंनी विचारलं, "सासूबाई तेलच घालायच्या. मग तेलाचं काय चुकलं?"

प्रश्न रास्त होता. डोळ्याला तेल लागतंच, पण ते डोळा स्वतः तयार करतो. गाईची खालची पापणी हळूच उलटून पाहा. कडेला बारीक छिद्रांची रांग दिसेल. ही मायबोमियन ग्रंथींची तोंडं. जर्मन वैद्य हाइन्रिश मायबोम यांनी 1666 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. आपल्या पापण्यांतही त्या असतात. प्रत्येक उघडझापीबरोबर त्यातलं तेल अश्रूंवर पसरतं. माणसाच्या डोळ्यावरचा हा थर केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढा असतो. पण तो नसेल तर अश्रू भराभर सुकतात.

माणसाच्या पापणीतून हे तेल अगदी थोडं मिळतं. म्हणून शास्त्रज्ञ कत्तलखान्यातल्या गुरांच्या पापण्यांकडे वळले. 1981 साली अमेरिकेत बैल आणि माणूस यांच्या पापणीतल्या तेलांची तुलना प्रसिद्ध झाली. दोन्हींत मुख्य भाग दोन पदार्थांचा निघाला: मेणासारखे एस्टर आणि कोलेस्टेरॉलचे एस्टर.

खोबरेल आणि तूप यांची घडण वेगळी. ते ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन स्निग्धाम्लं. तुपातल्या काही आम्लांच्या साखळीत अवघे चार कार्बन, तर पापणीतल्या तेलात चोवीस, अठ्ठावीस, तीसही कार्बनांच्या लांब साखळ्या, काहींना फाटेही फुटलेले. म्हणून ते अंगाच्या उबेनं मऊ होतं, पण वाहून जात नाही. घरातलं तेल त्याची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या जव्हारच्या डोंगरात, पलीकडे इगतपुरी-अकोल्याकडे डांगी गुरं आहेत. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, म्हणून ती मुसळधार पावसातही टिकतात. ते कातडीचं तेल आणि हे पापणीचं, दोन्ही निराळी. ज्या जागी जे लागतं, ते तिथंच तयार होतं.

तेव्हा सांगणं एवढंच. गुराचा डोळा गळत असेल, चिपडं येत असतील, तर तेल, तूप, काजळ काही घालू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं भिजवून डोळा पुसा. प्रत्येक जनावराला फडकं वेगळं. उकिरडा गोठ्यापासून दूर ठेवा, म्हणजे माश्या कमी होतील. आणि दुसऱ्या दिवशीही पाणी थांबलं नाही तर डॉक्टरांना बोलवा.

काकूंनी खोबरेलाची वाटी तेव्हाच आत नेऊन ठेवली. "केसांना तरी चालेल ना?" म्हणाल्या. म्हटलं, केसांना खुशाल लावा.