सीबीसीवरून एचआयव्ही कळतो का?

एकच प्रश्न दोन्ही बाजूंनी येत असतो. "डॉक्टर, ताप येऊन गेला, सीबीसीत पांढऱ्या पेशी कमी निघाल्या, मला एचआयव्ही असेल का?" किंवा, "सीबीसी नॉर्मल आलाय, म्हणजे मी सुटलो ना?" उत्तर दोन्हींचं एकच: सीबीसीवरून ते ठरत नाही.

का, ते बघा. लागण झाल्यावर साधारण २ ते ४ आठवड्यांनी बऱ्याच जणांना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठतं, मानेत गाठी येतात. काहींना काहीच होत नाही. या दिवसांत विषाणू रक्तात प्रचंड वाढतो आणि सीडी४ पेशी झपाट्यानं घटतात. पण सीबीसी सीडी४ वेगळ्या मोजत नाही, सगळे लिम्फोसाइट एकत्रच धरतो. सुरुवातीला ते कमी दिसतात. मग शरीर प्रतिकाराला सीडी८ पेशी वाढवतं आणि एकूण आकडा नॉर्मल, कधी जास्तच दिसतो. आत सीडी४ मात्र कमीच! पुढे काही आठवड्यांत सीडी४ थोड्या सावरतात, पण सहसा पूर्वीइतक्या होत नाहीत.

प्लेटलेटही थोडे उतरू शकतात. आता पावसाळ्यात पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? डेंग्यू. आणि बहुतेक वेळा तो डेंग्यू किंवा साधा व्हायरल तापच असतो, हेही खरं. म्हणून रिपोर्ट बघून घाबरू नका. पण जोखमीचा संबंध आला असेल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. आपण तेवढंच नेमकं लपवतो.

तपासणी एचआयव्हीचीच करायची. प्रतिजन आणि प्रतिपिंड दोन्ही शोधणारी, शिरेतल्या रक्तावरची चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांत लागण दाखवते. फक्त प्रतिपिंड शोधणाऱ्या चाचणीला ९० दिवसही लागू शकतात. लवकर केलेली चाचणी निगेटिव्ह आली तर ती पुन्हा करावी लागते. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत ती मोफत होते, आधी समुपदेशन होतं, आणि २०१७ च्या कायद्यानं तुमची संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत.

संबंधाला ७२ तास झाले नसतील तर चाचणीची वाट बघत बसू नका, लगेच जा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येऊ शकते. आणि रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापराच, कारण सुरुवातीच्या याच आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. कुणाशी बोलायचं असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे.